न्यूमोनियाची इंजेक्शनं चालू आहेत? मग पेशंटनं आणि घरच्यांनी काय काय बघायचं

मी नर्सिंगमध्ये आहे, आधी वॉर्डात काम केलं आणि आता घरोघरी जाऊन इंजेक्शनं, ड्रेसिंग वगैरे करते. हल्ली एक गोष्ट फार बघायला मिळते म्हणून लिहायला बसले. पेशंट कोल्हापुरात ॲडमिट होतो, न्यूमोनिया निघतो, दोन-तीन दिवसांत ताप उतरतो, डिस्चार्ज मिळतो आणि उरलेली इंजेक्शनं 'तिकडंच गावात घ्या' म्हणून हातात पिशवी देतात. मग गगनबावडा, शाहूवाडी, चंदगड, जिथलं असेल तिथं माणूस जातो आणि तिथून पुढं सगळा भार घरच्यांवर येतो. कुठलं औषध, किती वाजता, कोण देणार, सुई किती दिवस ठेवायची, काय झालं तर पळायचं, हे कुणीच नीट बसून सांगितलेलं नसतं. इंजेक्शन सिस्टर नाहीतर डॉक्टर देतात पण कोर्स सांभाळतात ते घरचे, त्यामुळं हे सगळं घरच्यांना माहिती पाहिजेच असं माझं ठाम मत आहे.

आधी इंजेक्शनच का, गोळी का नाही हे समजून घ्या. न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसाच्या बारीक पिशव्यांमध्ये इन्फेक्शन होऊन तिथं पाणी-पू भरतो, मग हवा आत जायला जागा राहत नाही आणि दम लागतो. साधा असेल तर गोळ्यांवर बरा होतो, सगळ्यांना ॲडमिट व्हायची गरज नसते. पण श्वास जोरात चालतोय, ऑक्सिजन कमी आहे, बीपी पडलंय, माणूस बरळायला लागलाय, उलट्या होतायत म्हणून गोळी पोटात टिकत नाही, किंवा वय ६५ च्या पुढं आहे आणि सोबत शुगर-किडनीचा त्रास आहे, अशा वेळी औषध थेट रक्तात पोचवायला लागतं. इंजेक्शन म्हणजे ताकदीची सुई नाही हो. खोकला आला की 'डॉक्टर एक सुई मारा' म्हणणारे लय जण भेटतात, पण व्हायरल सर्दी-खोकल्यावर अँटिबायोटिक चालतच नाही, उगाच जंतू औषधाला सरावतात आणि खरी गरज पडते तेव्हा तेच औषध लागू पडत नाही. आणि उलट बाजूनं, ताप उतरला, ऑक्सिजन नीट आला, जेवायला लागला की डॉक्टर इंजेक्शन बंद करून गोळीवर आणतात, तेव्हा काही नातेवाईक भांडतात की अजून इंजेक्शन पाहिजे म्हणून. तसं नसतंय. गोळीवर येणं ही चांगली खूण आहे, सुई जितकी लवकर निघेल तितका त्या सुईतून नवीन इन्फेक्शन व्हायचा धोका कमी.

आता औषधं. सगळ्यात जास्त दिसतं ते सेफ्ट्रियाक्सोन. हे रक्तात बराच वेळ टिकतं म्हणून न्यूमोनियात बहुतेक वेळा दिवसातून एकदाच, १ किंवा २ ग्रॅम देतात, आणि म्हणूनच घरी सोडताना हेच लिहून दिलेलं असतं. दुसरं अमोक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड, १.२ ग्रॅमची बाटली, ते साधारण दर ८ तासाला. जास्त सिरीयस पेशंटला पिपेरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम, दर ६ ते ८ तासाला, ते घरी द्यायचं औषध नव्हे, वॉर्डातच. याच्या जोडीला बऱ्याचदा ॲझिथ्रोमायसिन असतं, कारण न्यूमोनियाचे काही जंतू पहिल्या औषधाला दाद देत नाहीत, तर ती गोळी जादाची म्हणून दिलेली नसते, ती बंद करू नका.

वेळ का पाळायची तेही सांगते. या औषधांचं काम रक्तात त्यांचं प्रमाण एका पातळीच्या वर किती वेळ राहतंय त्यावर चालतं. दर ८ तासाला लिहिलंय म्हणजे सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. सकाळ-दुपार-संध्याकाळ जेवणाच्या वेळेला असं नाही, नाहीतर संध्याकाळी ७ ते सकाळी ९ एवढा गॅप पडतो आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. एकदाचं असेल तर रोज ठराविक वेळ धरा, सकाळी १० म्हणजे सकाळी १०. गावातले डॉक्टर रविवारी दवाखाना बंद ठेवतात, बाजाराच्या दिवशी उशिरा येतात, हे आधीच विचारून घ्या. डिस्चार्जच्या दिवशीच फोन लावून 'उद्यापासून इतके दिवस या वेळेला इंजेक्शन द्याल का' हे पक्कं केल्याशिवाय हॉस्पिटलमधून हलू नका. पुराच्या दिवसात तर जास्तच, पंचगंगेचं पाणी वाढलं की रस्ते बंद होतात, २०१९ आणि २०२१ ला काय झालं ते आपण बघितलंय, तेव्हा पाऊस लागून राहिला असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की आमचं गाव तुटतं. ते दोन दिवस जास्त ठेवून घेतील नाहीतर गोळीचा विचार करतील.

पहिला डोस घरी कधीच नको. कितीही ओळखीची सिस्टर असू दे. पहिला डोस जिथं ऑक्सिजन, ॲड्रिनॅलिनचं (जोराची रिॲक्शन आली तर द्यायचं) इंजेक्शन आणि डॉक्टर आहेत तिथंच. आणि त्याआधी तुम्ही न विचारता सांगायच्या गोष्टी या: पूर्वी पेनिसिलिन किंवा कुठल्याही अँटिबायोटिकनं अंगावर पुरळ, सूज, दम असं काही झालं होतं का, किडनी-लिव्हरचा त्रास, फिट येतात का, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत का, दिवस गेलेत का किंवा बाळ अंगावर पितं का, आणि दारूची सवय. हो, दारूचं लपवू नका, बायकापोरांसमोर सांगायला लाज वाटत असेल तर बाजूला घेऊन सांगा. सेफोपेराझोन नावाचं एक इंजेक्शन आहे, ते चालू असताना आणि बंद झाल्यावर सुद्धा ५ दिवसांपर्यंत दारू घेतली तर तोंड लाल होतं, उलट्या, छातीत धडधड, बीपी पडणं, असा त्रास होतो.

टेस्ट डोस बद्दल एक गैरसमज काढायला पाहिजे. हाताच्या कातडीत थोडं टोचून बघतात आणि काही झालं नाही की सगळे निवांत होतात. ती टेस्ट नीट आली म्हणजे रिॲक्शन येणारच नाही याची गॅरंटी नसते, आणि दोन डोस नीट गेले म्हणजे तिसऱ्याला येणार नाही असंही नाही. म्हणून प्रत्येक डोसनंतर अर्धा तास तिथंच बसायचं. स्टँडवर गाडी सुटेल, उसाला पाणी सोडायचंय, काही असू दे, अर्धा तास म्हणजे अर्धा तास. त्या वेळात अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, घसा आवळल्यासारखा वाटला, आवाज घोगरा झाला, दम लागला, चक्कर येऊन घाम फुटला, तर लगेच ओरडून सांगा. औषध तिथल्या तिथं बंद करायचं, पेशंटला आडवं करून पाय वर घ्यायचे (दम लागत असेल तर पाठीला टेकू देऊन बसवायचं, उभं करून चालवत न्यायचं नाही), आणि मांडीत ॲड्रिनॅलिन द्यायचं, यात पहिलं औषध तेच आहे. ॲव्हिल (ॲलर्जीचं) आणि डेक्सा (स्टिरॉइड) देऊन वाट बघत बसायची ही वेळ नसते. घरी असाल तर १०८ लावा, त्यांना 'इंजेक्शनची रिॲक्शन आलीय, श्वास अडकतोय' एवढ्या शब्दात सांगा.

आता बाटली हातात घेऊन बघायची सवय लावा. नाव, ग्रॅम, एक्सपायरी, सील. या औषधांच्या पॅकवर लाल रंगाची खूण असते, सेफ्ट्रियाक्सोन हे शेड्यूल एच१ मध्ये येतं, २०१४ पासून हा नियम लागू आहे, मेडिकलवाल्यानं चिठ्ठी बघितल्याशिवाय द्यायचं नाही आणि डॉक्टरचं, पेशंटचं नाव वेगळ्या रजिस्टरला लिहून ठेवायचं. त्यामुळं चिठ्ठी मागितली म्हणून त्याच्यावर चिडू नका, तो बरोबर करतोय. आणि बिल घ्याच, बॅच नंबर त्यावर असतो. नाव मिळतंजुळतं असतं पण आतलं औषध वेगळं असतं, काहींमध्ये नुसतं सेफ्ट्रियाक्सोन असतं, काहींमध्ये सलबॅक्टम किंवा टॅझोबॅक्टम घातलेलं असतं, तर 'तेच आहे ओ, कंपनी वेगळी' असं कुणी म्हटलं तर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं घटक वाचा, जुळत नसेल तर डॉक्टरांना फोटो पाठवा.

बाटलीत पावडर असते, ती तुमच्या डोळ्यासमोर फोडून, सोबतच्या पाण्यात विरघळवून, नवीन सिरिंजनं दिली पाहिजे. पाणी पूर्ण स्वच्छ दिसलं पाहिजे, कण तरंगत असतील तर घेऊ नका. सेफ्ट्रियाक्सोनला फिकट पिवळी झाक येते, ते नॉर्मल आहे, घाबरू नका. शिरेतून देताना सावकाश द्यायचं असतं, डोस मोठा असेल तर सलाईनमधून अर्धा तास लावून. भसकन ढकलू देऊ नका. कंबरेत द्यायचं असेल तर दुखू नये म्हणून कधीकधी लिग्नोकेनमध्ये मिसळतात, ते लिग्नोकेन मिसळलेलं शिरेतून कधीच द्यायचं नसतं, हे लक्षात ठेवा. आणि अजून एक महत्त्वाचं, सेफ्ट्रियाक्सोन आरएल (रिंगर लॅक्टेट) सलाईनमध्ये मिसळत नाहीत, कारण आरएलमध्ये कॅल्शियम असतं आणि दोन्ही मिळून खडे धरतात. गावात अशक्तपणा आहे म्हणून एक आरएल लावतात आणि त्याच नळीतून इंजेक्शन सोडतात, असं दिसलं तर नम्रपणे पण स्पष्ट बोला, 'एनएसमध्ये (साध्या मिठाच्या सलाईनमध्ये) द्या आणि मधी नळी फ्लश करा' म्हणून. अगदी नवजात बाळाला तर कॅल्शियमचं सलाईन चालू असताना हे औषध द्यायचंच नसतं.

उरलेल्या बाटल्या घरी ठेवायच्या तर खोक्यातच, उजेड आणि उन्हापासून लांब, लेबलवर लिहिलेल्या तापमानाला. गाडीच्या डिक्कीत ठेवून गावभर हिंडू नका. फ्रीजमध्ये ठेवा असं लेबलवर नसेल तर फ्रीजची गरज नाही. आणि अर्धी उरलेली कालवलेली बाटली उद्यासाठी ठेवायची नाही. वापरलेल्या सुया घंटागाडीत टाकू नका, कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात घुसतात त्या, जाड प्लास्टिकच्या डब्यात भरून दवाखान्यात परत द्या.

हातावरची सुई, म्हणजे ज्याला आपण इंट्राकॅथ म्हणतो, यावर मी जरा जास्त बोलणार, कारण न्यूमोनिया बरा होऊन हात सुजलेला असे पेशंट मी खूप बघितलेत. आतमध्ये लोखंडी सुई राहिलेली नसते, मऊ प्लास्टिकची नळी असते, त्यामुळं हात हलवला तर शीर फाटेल अशी भीती नको, पण मनगटावर असेल तर जास्त वाकवू नका. सुई कधी लावली ती तारीख आणि वेळ पट्टीवर पेनानं लिहून घ्या. साधारण ३ ते ४ दिवसांनी बदलतात, त्याआधी त्रास झाला तर आधीच. रोज सकाळी उजेडात बघा: लाल झालंय का, शिरेची दोरीसारखी कडक रेघ वर चढलीय का, गरम लागतंय का, ओलं दिसतंय का, सूज आहे का. यातलं एक जरी असलं तर त्या सुईतून पुढचा डोस घ्यायचा नाही, काढून दुसऱ्या हाताला लावायची. 'एवढा एकच डोस राहिलाय, चालवून घ्या' हे वाक्य मी पेशंटकडून पण ऐकते आणि स्टाफकडून पण, आणि दोन्हीकडून ऐकायचं नसतं. देताना आग झाली, फुगवटा आला, तर हात वर करून थांबवा. देणाऱ्यानं आधी थोडं सलाईन ढकलून शीर चालू आहे का बघायचं, औषध द्यायचं, परत सलाईन ढकलायचं. आणि हात धुवूनच, सुईच्या तोंडावरचं झाकण स्पिरिटनं पुसूनच.

अंघोळ करताना हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा, किंवा सरळ अंग पुसून घ्या. भाकरी थापणं, धुणं, जनावराचं शेण-घाण, हे सुई असेपर्यंत बंद. आपल्याकडच्या बायका हे ऐकत नाहीत, म्हशीची धार कोण काढणार म्हणतात, तर घरातल्या बाप्यांनी उठायचं आणि काढायची, चार दिवसांचा प्रश्न आहे. सुजलेल्या जागी तेल लावून चोळू नका. सुई काढल्यावर कापसानं दाबून धरा २-३ मिनिटं, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या असतील तर अजून जास्त वेळ. सलाईन चालू असताना नळीत दोन-चार बारीक बुडबुडे दिसले म्हणून लोक घाबरून जातात, तेवढ्यानं काही होत नाही, पण सलाईन संपून नळीत रक्त चढलं तर चाकी बंद करून सिस्टरला हाक मारा. स्पीड स्वतः वाढवायचा नाही, म्हाताऱ्या आणि हार्टच्या पेशंटला जास्त पाणी गेलं तर तेच पाणी फुप्फुसात भरतं.

एक शंभर पानी वही करा. त्यात तारीख, वेळ, औषधाचं नाव, डोस, कुणी दिलं आणि त्यांची सही. खाली ताप, ऑक्सिजन, एका मिनिटात श्वास किती, जेवण, लघवी, संडास. श्वास मोजताय हे पेशंटला सांगू नका, नाहीतर तो मुद्दाम वेगळा घेतो, छातीकडं बघून पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसाचा ३० च्या वर गेला तर ताबडतोब हॉस्पिटल. लहान पोरांचं वेगळं असतं, २ महिन्याच्या आतलं बाळ ६० किंवा जास्त, १ वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षं ४० किंवा जास्त असेल तर तो जलद श्वास समजायचा, आणि बरगड्यांच्या खाली खड्डा पडत असेल, दूध ओढत नसेल तर क्षणभर थांबू नका. ऑक्सिमीटर लावताना बोट गार नसावं, नेलपॉलिश नसावं, हात स्थिर ठेवून अर्धं-एक मिनिट थांबून आकडा घ्यायचा. ९४ च्या खाली यायला लागला तर डॉक्टरांना फोन, ९० च्या जवळ आला तर फोन नाही, गाडी. जुना दम्याचा किंवा सीओपीडीचा (श्वासनळ्या कायमच्या अरुंद झालेला) पेशंट असेल तर त्याचा नेहमीचा आकडाच कमी असतो, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या.

इंजेक्शन सुरू झाल्यावर ४८ ते ७२ तासात फरक दिसायला पाहिजे, ताप खाली, दम कमी, भूक थोडी. पहिल्याच दिवशी उतार पडला नाही म्हणून डॉक्टर बदलत बसू नका, पण तीन दिवस झाले आणि ताप तसाच, तर गप्प पण बसू नका. छातीत पाणी झालंय का, जंतू वेगळा आहे का, टीबी आहे का, हे परत बघायला लागतं. म्हातारी माणसं फसवतात, त्यांना ताप येतच नाही कधीकधी, नुसतं झोपून राहतात, जेवण टाकतात, नातवाला ओळखत नाहीत. आजी आज वेगळंच बोलायलीय असं सुनेला वाटलं तर ते वयामुळं नाही, ते दाखवायचं.

पोटाचं सांगते. थोडी पातळ संडास होणं या औषधांनी कॉमन आहे, ताक-भात, ओआरएस घ्या. पण दिवसात चार-पाच वेळा पाण्यासारखी झाली, रक्त-शेम पडली, पोटात मुरडा आणि परत ताप आला तर ते अँटिबायोटिकमुळं होणारं आतड्याचं इन्फेक्शन असू शकतं, त्यावर संडास थांबवायची गोळी मनानं घेऊ नका. कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी पण होऊ शकतं हे, तेव्हा डॉक्टरांना इंजेक्शन झालं होतं हे सांगा. सेफ्ट्रियाक्सोननं कधीकधी पित्ताशयात गाळ धरतो, उजव्या बाजूला बरगडीखाली दुखतं, औषध बंद झालं की बहुतेक आपोआप जातो. तोंडात पांढरे चट्टे आले तर दाखवा. रक्त पातळ व्हायची गोळी घेणाऱ्यांनी या दिवसात रक्ताची तपासणी आधी करून घ्यायची. शुगरवाल्यांनी रोज शुगर बघायची, इन्फेक्शनमध्ये ती वाढते.

डोस चुकला तर? आठवलं की लगेच डॉक्टरांना विचारून घ्या, पुढचा डोस जवळ आला असेल तर ते सांगतील तसं, पण दोन डोस एकदम कधीच नको. आणि बरं वाटतंय म्हणून मधेच बंद नाही. कमीत कमी ५ दिवस तर लागतातच, कधी ७, कधी जास्त, ते डॉक्टर ताप आणि श्वास बघून ठरवतात, आपण नाही. शेजाऱ्याच्या पोराला तीनच दिवसात बंद केलं होतं, हे इथं चालत नाही.

खर्चाचं म्हणाल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी हॉस्पिटलला, जायला लाजू नका, तिथं ॲडमिट होऊन नीट उपचार होतात. प्रायव्हेटमध्ये असाल तर काउंटरवर आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्याला) सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत आपली केस बसते का विचारा, ॲडमिट होतानाच, बिल झाल्यावर नाही. बाहेरून औषध आणायचं असेल तर जनऔषधीत हेच औषध मिळतं का बघा, डॉक्टरांना दाखवून घ्या.

खाण्यापिण्याचं फार पथ्य नाही. भूक लागेल तसं थोडं थोडं, पेज, मुगाची खिचडी, अंडं, पांढरा रस्सा सोसत असेल तर बिनदिक्कत, तांबडा जरा नंतर. पाणी पीत राहा. बसून राहा, उशी पाठीला लावून, तासातासाला खोल श्वास घ्या, कफ येत असेल तर काढा. बिडी-सिगरेट बंद. गुऱ्हाळावर किंवा शिरोलीला फाउंड्रीत काम करणाऱ्यांनी धूर-धुळीत लगेच परत जाऊ नका, डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगून तारीख घ्या.

कोर्स संपला की सगळं लगेच पहिल्यासारखं होत नाही, त्यानं निराश होऊ नका. ताप आठवड्यात जातो, खोकला आणि जिना चढताना लागणारा दम महिना-दीड महिना रेंगाळतो, थकवा तीन महिन्यांपर्यंत राहू शकतो. एक्सरेतला डाग तर माणूस बरा झाल्यावरही दिसत राहतो, म्हणून आठवड्यात परत एक्सरे काढून घाबरू नका. पण पन्नाशीच्या पुढचे आणि तंबाखू-बिडी ओढणारे असतील तर ६ आठवड्यांनी एक्सरे काढून डाग पूर्ण गेलाय का बघायचाच, कारण कधीकधी त्यामागं गाठ लपलेली असते. खोकला दोन आठवड्यांच्या वर राहिला तर थुंकीची टीबीसाठी तपासणी, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखं अँटिबायोटिक टीबीलाही थोडं दाबून ठेवतं, त्यामुळं ते घेऊन बरं वाटलं आणि परत खोकला सुरू झाला तर हे नक्की सांगा. आणि लहान बाळांना दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्याला न्यूमोनियाची पीसीव्ही लस सरकारी लसीकरणात मोफत मिळते, ती चुकलीय का कार्ड काढून बघा, घरातल्या ६५ च्या पुढच्यांना आणि शुगर-दम्याच्या पेशंटना मोठ्यांची लस आणि दरवर्षीची फ्लूची लस डॉक्टरांना विचारून घ्या, ती मात्र अंगात ताप नसताना, बरं झाल्यावर.